नऊ डॉलर नव्याण्णव सेंट: एका किमतीचं प्रकरण

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड जगाला दाखवला. मंचावर बसल्या बसल्या त्यांनी त्यावर एक पुस्तक विकत घेऊनही दाखवलं. किंमत १४.९९ डॉलर. कार्यक्रम संपल्यावर पत्रकार वॉल्ट मॉसबर्ग यांनी त्यांना गाठलं आणि कुणाही वाचकाच्या मनात येईल तोच प्रश्न विचारला: ॲमेझॉनकडे किंडल या वाचनयंत्रावर जे ९.९९ डॉलरला मिळतं, त्याला तुमच्याकडे कुणी १४.९९ का मोजेल? जॉब्स म्हणाले, तसं राहणार नाही, किमती सारख्याच असतील.

आयपॅड दुकानांत यायला अजून दोन महिने होते. ॲपलचं पुस्तकांचं दुकान उघडलंही नव्हतं. तरी प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातली किंमत लवकरच बदलणार आहे हे जॉब्स यांना ठाऊक होतं, आणि ती कुठल्या दिशेने सरकणार हेही. सायमन अँड शूस्टर या प्रकाशन संस्थेच्या वकिलांनी ते वाक्य ऐकलं तेव्हा, असं उघड बोलणं म्हणजे मूर्खपणाची कमाल आहे, अशा अर्थाचा मेल त्यांनी आपल्या प्रमुखांना पाठवला. तीन वर्षांनी जॉब्स यांचं वाक्य आणि तो मेल, दोन्ही न्यायालयाच्या निकालपत्रात जाऊन बसले.

ई-पुस्तकं महाग का, असा विषय निघाला की बोलणं हमखास कागदावर येतं. छपाई नाही, गोदाम नाही, वाहतूक नाही, मग एवढे पैसे कसले? बरीच वर्षं माझंही मत हेच होतं. ‘अमेरिका विरुद्ध ॲपल’ हे प्रकरण मुळापासून वाचल्यावर ते बदललं. ई-पुस्तकाच्या किमतीचा कागदाशी संबंध थोडा आहे. खरा संबंध आहे तो या गोष्टीशी, की प्रकाशकापासून वाचकापर्यंतच्या वाटेवर ते पुस्तक कुणाच्या मालकीचं होतं आणि कुणाच्या होत नाही.

यंत्र आणि त्याच्यासोबत आलेला आकडा

किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी बाजारात आलं. किंमत ३९९ डॉलर, म्हणजे चैनीची वस्तू. तरी साडेपाच तासांत सगळा साठा संपला. त्यातला पडदा ॲमेझॉनचा शोध नव्हता. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून १९९७ साली बाहेर पडलेल्या ई इंक या कंपनीने तो घडवला होता, आणि सोनीने तो २००४ मध्ये जपानमध्ये आणि २००६ मध्ये अमेरिकेत आपल्या वाचनयंत्रांत वापरलाही होता. या पडद्यात अतिशय सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, परस्परविरुद्ध विद्युतभाराचे. विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. मग वीज काढून घेतली तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणून वीज लागते ती पान उलटताना, वाचताना नाही. डोळ्यांवर प्रकाश न फेकणारा, उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसणारा असा हा पडदा आहे. लांबलचक मजकूर सलग वाचण्यासाठी याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात नाही.

सोनीला जे जमलं नाही ते ॲमेझॉनने केलं. दुकानच यंत्रात घातलं. मोबाइलच्या जाळ्यावरून, वेगळं बिल न लावता, मिनिटभरात पुस्तक हातात यायचं. सुरुवातीलाच जवळपास ९०,००० पुस्तकं होती. आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीतली पुस्तकं, तसंच बरीचशी नवी कोरी पुस्तकं ९.९९ डॉलरला होती.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. तेव्हा ई-पुस्तकंही कागदी पुस्तकांसारखीच घाऊक पद्धतीने विकली जात. पक्क्या बांधणीच्या नव्या पुस्तकाची छापील किंमत २६ डॉलर धरली, तर दुकानदार प्रकाशकाला साधारण निम्मे, म्हणजे १३ डॉलर देई. ई-पुस्तकाचा घाऊक दरही त्याच्या आसपास होता. दुकानदाराने एकदा पैसे दिले की ते पुस्तक कितीला विकायचं हा त्याचा प्रश्न. ॲमेझॉन १३ ला घेऊन ९.९९ ला विकत होतं. प्रत्येक गाजणाऱ्या पुस्तकामागे तीन डॉलर एक सेंट तोटा.

म्हणजे प्रकाशकाला त्याचे पूर्ण १३ डॉलर मिळत होते. लेखकाला प्रकाशकाच्या ई-पुस्तक उत्पन्नाच्या २५ टक्के, म्हणजे सव्वातीन डॉलर. वाचकाला निम्म्याहून कमी किमतीत पुस्तक. तोटा एकट्या ॲमेझॉनचा, आणि तोही ते खुशीने सोसत होते, कारण त्यांना त्या काळात गिऱ्हाईक हवं होतं. एकदा किंडल घेतलं, त्यावर तीसचाळीस पुस्तकं जमली, की ती पुस्तकं दुसऱ्या कुठल्या यंत्रावर नेता येत नाहीत. फाइलला कुलूप असतं. मग एकतीसावं पुस्तकही तिथूनच घेतलं जातं.

त्या कुलपाची एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. ते प्रकाशकांनी मागून घेतलं होतं. चोरीच्या भीतीने त्यांनी आग्रह धरला की कुलपाशिवाय पुस्तक विकायचं नाही, आणि किल्ली ॲमेझॉनच्या हाती दिली. गिऱ्हाइकाला ॲमेझॉनशी बांधून ठेवणारा दोर प्रकाशकांनीच वळला होता. २००९ संपेपर्यंत अमेरिकेतल्या ई-पुस्तकांच्या बाजारात ॲमेझॉनचा वाटा सुमारे ९० टक्के झाला.

तोटा होत नसताना घाबरलेले लोक

अमेरिकेत तेव्हा सहा मोठे प्रकाशक होते: रँडम हाउस, पेंग्विन, हार्परकॉलिन्स, सायमन अँड शूस्टर, हॅशेट आणि मॅकमिलन. त्या घडीला त्यांचं काहीही बुडत नव्हतं. तरी ९.९९ हा आकडा त्यांना झोपू देत नव्हता, आणि त्यांची भीती पोकळ होती असं मला वाटत नाही.

वाचकाच्या मनात एकदा ठसलं की नव्या पुस्तकाची किंमत दहा डॉलर, की दुकानात २६ डॉलरचं पुस्तक त्याला लूट वाटू लागतं. पक्क्या बांधणीच्या पुस्तकावर या प्रकाशकांचं पोट होतं. शिवाय ॲमेझॉन जन्मभर तोटा सोसणार नाही हे उघड होतं. दुसरं दुकान उरलं नाही की एक दिवस ते म्हणणार, १३ नाही, आता ७ डॉलर घ्या. तेव्हा नाही म्हणायला जागा कुठली?

त्यांनी आधी आपापल्या परीने उपाय केले. घाऊक दर वाढवून पाहिला, ॲमेझॉन जास्त तोटा सोसू लागलं. काहींनी ई-पुस्तक छापील पुस्तकानंतर काही महिने उशिराने काढायचं ठरवलं. वाचक चिडले, आणि पुस्तक न वाचताच त्याला एक तारा देऊन राग काढू लागले. लेखकाचा यात दोष काय? पण मार त्याला बसला. मोठ्या प्रकाशन संस्थांचे प्रमुख न्यूयॉर्कमधल्या उपाहारगृहांच्या खासगी दालनांत, वकिलांना सोबत न घेता, अधूनमधून जेवायला भेटत, आणि बोलण्यात ॲमेझॉनची किंमत येई. निकालपत्रात या जेवणांची सविस्तर नोंद आहे. धंद्यातले प्रतिस्पर्धी एकत्र जेवले म्हणून गुन्हा होत नाही. एकत्र बसून किंमत ठरवली तर होतो.

अडत

डिसेंबर २००९ च्या मध्यावर ॲपलचे एडी क्यू न्यूयॉर्कला आले. आयपॅड महिन्याभरावर होता, त्यात पुस्तकांचं दुकान हवं होतं. पण ॲपलला तोट्यात पुस्तकं विकायची नव्हती, आणि ९.९९ वाल्या शेजाऱ्यासमोर १४.९९ ची पाटी लावून बसायचंही नव्हतं.

तोडगा निघाला तो आपल्याकडे जिला अडत म्हणतात त्या पद्धतीचा. इंग्रजीत एजन्सी. अडत्या माल विकत घेत नाही. माल मालकाचाच राहतो, भाव मालक सांगतो, अडत्या विकून देतो आणि आपला टक्का कापून घेतो. इथे टक्का ३० होता. ॲपल आधीपासून मोबाइल ॲपच्या विक्रीत तेवढाच घेत होतं.

प्रकाशकांनी मनाला येईल तेवढा भाव लावू नये म्हणून ॲपलने वरची मर्यादाही घातली. कागदी पुस्तकाची छापील किंमत २५ ते २७.५० डॉलर असेल तर ई-पुस्तक फार तर १२.९९ ला, त्याच्या वर ३० डॉलरपर्यंत असेल तर १४.९९ ला. मर्यादा म्हणायची, पण सगळे तिथेच जाऊन टेकणार हे दोन्ही बाजूंना दिसत होतं. आणि करारात आणखी एक कलम होतं: दुसऱ्या कुठल्याही दुकानात तुमचं पुस्तक याहून स्वस्त विकलं गेलं, तर आमच्याकडची किंमतही तितकी खाली येईल.

आता हिशेब मांडू. २६ डॉलरच्या पुस्तकाची ई-आवृत्ती १२.९९ ला गेली, तर प्रकाशकाला ७० टक्के म्हणजे ९.०९ डॉलर. आधी मिळत होते १३. प्रत्येक प्रतीमागे जवळपास चार डॉलर प्रकाशकाने सोडले. लेखकाचे सव्वातीन डॉलर होते, ते २.२७ वर आले. वाचकाचे तीन डॉलर वाढले. कमाई वाढली ती फक्त दुकानदाराची. ज्या ॲमेझॉनविरुद्ध हे चाललं होतं, ते प्रतीमागे तीन डॉलर गमावत होतं, ते आता ३.९० कमावणार होतं.

या जागी मी पहिल्यांदा अडखळलो. कमी पैसे मिळावेत म्हणून माणसं एवढी धडपड करतात का? जॉब्स यांनी आयपॅड जाहीर होण्याच्या तोंडावर जेम्स मर्डॉक यांना लिहिलेल्या मेलमध्ये याचं उत्तर आहे. हार्परकॉलिन्स ही मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पची संस्था, आणि ॲपलच्या मर्यादेवर ते नाराज होते. जॉब्स यांनी त्यांना समजावलं ते थोडक्यात असं: ॲमेझॉनसोबत राहिलात तर आत्ता थोडे जास्त मिळतील, पण काही काळाने ॲमेझॉनच तुम्हाला सांगेल की आता ९.९९ चे ७० टक्के घ्या. प्रकाशक आजचे चार डॉलर देऊन उद्याचा अधिकार विकत घेत होते. किंमत ठरवण्याचा अधिकार.

किंमत-बरोबरीच्या त्या कलमाची मेख इथे कळते. ॲपलशी करार केला आणि ॲमेझॉन ९.९९ लाच विकत राहिलं, तर ॲपलही ९.९९ वर येणार, आणि प्रकाशकाच्या हाती पडणार ६.९९. म्हणजे करारावर सही केली की ॲमेझॉनलाही अडतीवर आणल्याशिवाय सुटका नाही. एकट्या प्रकाशकाने ॲमेझॉनला धमकावणं आत्मघात होता. चारपाच जण एकाच वेळी गेले तर गोष्ट वेगळी. म्हणूनच वाटाघाटींच्या काळात प्रत्येकजण विचारत होता की बाकीचे सही करताहेत ना, आणि ॲपल ते कळवत होतं. २६ जानेवारीपर्यंत पाच सह्या झाल्या. रँडम हाउस बाहेर राहिलं. दुसऱ्या दिवशी आयपॅड जाहीर झाला.

मॅकमिलनचा आठवडाअखेर

२८ जानेवारीला मॅकमिलनचे प्रमुख जॉन सार्जंट सिएटलला जाऊन ॲमेझॉनला भेटले. प्रस्ताव दोन ओळींचा होता: अडत पद्धत स्वीकारा, नाहीतर आमची नवी ई-पुस्तकं तुम्हाला सात महिने उशिराने मिळतील. सार्जंट परतेपर्यंत ॲमेझॉनने मॅकमिलनच्या पुस्तकांवरची ‘विकत घ्या’ ही बटणं काढून टाकली होती. ई-पुस्तकांचीच नव्हे, कागदी पुस्तकांचीही.

काही दिवस एका मोठ्या प्रकाशकाची पुस्तकं देशातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात दिसत होती, पण घेता येत नव्हती. रविवारी, ३१ जानेवारीला ॲमेझॉनने आपल्या गिऱ्हाइकांसाठी निवेदन काढलं की आम्हाला शरण जावं लागतंय, कारण मॅकमिलनच्या पुस्तकांवर मॅकमिलनची मक्तेदारी आहे. हे वाक्य पुष्कळांनी हसण्यावारी नेलं. प्रत्येक प्रकाशकाची आपल्या पुस्तकांवर मक्तेदारी असतेच, त्यालाच तर स्वामित्वहक्क म्हणतात. पण ॲमेझॉनला जे म्हणायचं होतं ते गंभीर होतं. एक पुस्तक दुसऱ्याची जागा घेत नाही. वाचकाला जी कादंबरी हवी आहे, तिच्याऐवजी दुसरी स्वस्तात देऊन भागत नाही. ॲमेझॉनने, बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे पत्र धाडून तक्रारही केली की पाच जणांनी एकाच वेळी एकच मागणी करणं हा योगायोग नाही.

वसंत उजाडेपर्यंत पाचांपैकी चार प्रकाशक ॲमेझॉनवर अडत पद्धतीने विकू लागले, पेंग्विन थोडं नंतर. ३ एप्रिलला आयपॅड विक्रीला आला. किमती सारख्या होत्या.

निकाल

११ एप्रिल २०१२ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपल आणि पाच प्रकाशकांवर न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयात खटला भरला. हॅशेट, हार्परकॉलिन्स आणि सायमन अँड शूस्टर यांनी त्याच दिवशी तडजोड केली. पेंग्विनने डिसेंबरमध्ये, मॅकमिलनने पुढच्या फेब्रुवारीत. तडजोडीवर लोकांची मतं मागवली तेव्हा न्याय खात्याकडे ८६८ पत्रं आली, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त विरोधात. लेखक, छोटे पुस्तकविक्रेते, लेखकांच्या संघटना, सगळे सांगत होते की मक्तेदाराला वाचवून तुम्ही त्याच्याशी झुंजणाऱ्यांना शिक्षा करताय.

ॲपल एकटं लढलं. न्यायाधीश डेनिस कोट यांच्यासमोर जून २०१३ मध्ये सुनावणी झाली आणि १० जुलैला निकाल आला, १६० पानांचा. अडत पद्धत बेकायदा आहे असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. दुकानदाराने टक्का घ्यावा, मालकाने भाव ठरवावा, यात काही वावगं नाही. किंमत-बरोबरीचं कलमही एरवी चालतं. पण प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किंमत वाढवायचं ठरवलं आणि ते घडवून आणायला ॲपलने मधली जागा पत्करली, हा कट होता.

आकडे त्यांनी स्पष्ट मांडले. अडत सुरू झाल्यावर ॲमेझॉनवर या पाच प्रकाशकांच्या ई-पुस्तकांच्या किमती सरासरी १८.६ टक्क्यांनी वाढल्या. नव्या पुस्तकांच्या १४.२ टक्क्यांनी. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीतल्या पुस्तकांच्या तर ४२.७ टक्क्यांनी.

अपिलात ३० जून २०१५ रोजी दोन विरुद्ध एक असा कौल पडला. न्यायाधीश डेनिस जेकब्स यांचं भिन्नमत आवर्जून वाचावं असं आहे. त्यांचं म्हणणं, ९० टक्के बाजार एकाच्या हाती असताना नवा दुकानदार आत शिरला, मक्तेदाराचा वाटा ६० टक्क्यांवर आला, याला स्पर्धा वाढली म्हणायचं नाही तर काय? बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या डेब्रा लिव्हिंग्स्टन यांचं उत्तर होतं की मक्तेदारीचा त्रास असेल तर दाद मागायला कायदा आहे. प्रतिस्पर्ध्यांनी टोळी करून कायदा हातात घ्यायचा नसतो.

मला निकाल योग्य वाटतो. किंमत एकत्र बसून ठरवली हे कागदोपत्री इतकं उघड आहे की दुसरं काही म्हणता येत नाही. पण जेकब्स यांनी बोट ठेवलं ती दुखरी नस खरी आहे. ९.९९ ही किंमत तोट्यात विकल्यामुळे टिकलेली होती, आणि त्या तोट्यापायी नव्या दुकानांना दार बंद होतं. न्यायालयासमोर प्रश्न कटाचा होता. ॲमेझॉनच्या तोट्याचा प्रश्न त्याच्यासमोर आलाच नाही.

मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि ॲपलने ठरल्याप्रमाणे ४५ कोटी डॉलर भरले. त्यातले ४० कोटी वाचकांसाठी. प्रकाशकांनी मिळून १६.६ कोटी आधीच भरले होते. त्या जूनमध्ये वाचकांच्या खात्यांत पैसे जमा झाले: एप्रिल २०१० ते मे २०१२ या काळात घेतलेल्या, खपाच्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकामागे ६.९३ डॉलर, इतर पुस्तकांमागे १.५७.

८९ सेंटांची जुनी गोष्ट

या साऱ्याच्या शंभर वर्षं आधी अमेरिकेत अगदी हाच वाद झाला होता. बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने एका कादंबरीच्या आतल्या पानावर छापलं: किरकोळ किंमत एक डॉलर, याहून कमी किमतीत विकण्याचा परवाना कुणालाही नाही, विकल्यास स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटांना विकली. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. प्रकाशकाने पुस्तक एकदा विकलं की त्या प्रतीवरचा त्याचा अधिकार संपला. घेणाऱ्याने ती कितीला विकावी, कुणाला द्यावी, हे घेणाऱ्याने ठरवायचं. जुन्या पुस्तकांची दुकानं, वाचनालयं, मित्राला दिलेलं पुस्तक, हे सगळं तिथल्या कायद्यात याच तत्त्वावर उभं आहे.

ई-पुस्तकाने या तत्त्वाला वळसा घातला. अडत पद्धतीत दुकानदार पुस्तकाचा मालक होतच नाही, म्हणून मेसीजसारखं ८९ सेंटांना विकणं त्याच्या हातात राहत नाही. आणि वाचकही मालक होत नाही. त्याला मिळतो परवाना. याची जाणीव लोकांना पहिल्यांदा झाली ती जुलै २००९ मध्ये. जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. पैसे परत दिले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेऊ शकतो, हे दिसायचं ते दिसून गेलं.

कागदाचा मुद्दा आता तपासून पाहू. न्यूयॉर्क टाइम्सने २०१० मध्ये मांडलेल्या हिशेबात २६ डॉलरच्या पुस्तकाची छपाई, साठवण आणि वाहतूक मिळून ३.२५ डॉलर होते. बाकीचे पैसे लेखक, संपादन, जाहिरात, कार्यालय आणि दुकानदार यांचे. ई-पुस्तक झालं तरी ते खर्च राहतात. म्हणजे कागद वाचला म्हणून किंमत कमी करायची तर २६ ची पावणेतेवीस होईल, ९.९९ नाही. या वादात प्रकाशकांची बाजू खरी होती.

पण तेच प्रकाशक दुसरी बाजू कधी मोजत नाहीत. २६ डॉलरचं कागदी पुस्तक वाचून झाल्यावर विकता येतं, देता येतं, मुलांसाठी ठेवता येतं, आणि एक प्रत घरातली चार माणसं वाचतात. हे सगळं त्या २६ मध्ये आहे. ई-पुस्तकात ते काढून घेतलेलं आहे. तेव्हा किंमत उतरायला हवी ती कागदापायी नाही, काढून घेतलेल्या मालकीपायी. त्या मालकीचं मोल किती, हे ठरवायला कुठल्याच पक्षाने न्यायालयात सुरुवातसुद्धा केली नाही. वाचकाला ६.९३ परत मिळाले ते किमतीतल्या फरकाचे. जे त्याने कधी विकत घेतलंच नव्हतं, त्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

नंतर

तडजोडीने प्रकाशकांना दोन वर्षं दुकानदारांची सवलत रोखायला बंदी घातली होती. मुदत सरली आणि एकेक जण, या वेळी स्वतंत्रपणे, अडतीकडे परतला. हॅशेट आणि ॲमेझॉन यांची २०१४ मध्ये कित्येक महिने जुंपली. हॅशेटची कागदी पुस्तकं मुद्दाम उशिराने पाठवली गेली, नव्या पुस्तकांची आगाऊ नोंदणी बंद झाली, आणि नऊशेहून जास्त लेखकांनी ॲमेझॉनविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. ॲमेझॉनने तेव्हा आपला आकडा पुढे केला: १४.९९ ला एक लाख प्रती जाणारं पुस्तक ९.९९ ला एक लाख ७४ हजार प्रती जातं, आणि एकूण उत्पन्न १६ टक्क्यांनी वाढतं. हिशेब बरोबर आहे. पण तो एकट्या ई-पुस्तकाचा आहे. त्यामुळे कागदी प्रत किती कमी खपली, या प्रकाशकांच्या मूळ काळजीला तो शिवत नाही. नोव्हेंबरात करार झाला. किंमत हॅशेटच ठरवणार.

अडतीने विकल्या जाणाऱ्या ई-पुस्तकांच्या पानावर ‘ही किंमत प्रकाशकाने ठरवली आहे’ अशी ओळ दिसत असे. आणि तिथेच शेजारी एक चमत्कारिक गोष्ट. कित्येकदा पक्क्या बांधणीचं कागदी पुस्तक ई-पुस्तकापेक्षा स्वस्त. कागद, शाई, पुठ्ठा, टपाल, सगळं धरून स्वस्त. कारण कागदी पुस्तक अजूनही घाऊक दराने जातं. ते ॲमेझॉनच्या मालकीचं असतं, म्हणून ॲमेझॉन हवी तेवढी सूट देतं. ई-पुस्तक त्याच्या मालकीचं नसतं.

दरम्यान यंत्र स्वस्त होत गेलं. २०११ मध्ये जाहिराती दाखवणारं किंडल ७९ डॉलरला मिळू लागलं, आणि २०१२ मध्ये बेझोस यांनी उघडच सांगितलं की यंत्रावर आम्ही नफा घेत नाही. वाचकाचं बांधलेपण मात्र वाढलं. २६ फेब्रुवारी २०२५ पासून, किंडलवरची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून घेण्याची सोय ॲमेझॉनने बंद केली. त्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला, की परवाना विकत असाल तर विकताना तसं सांगा. आता अमेरिकेतल्या दुकानात खरेदीच्या बटणाजवळ ते लिहिलेलं असतं.

या प्रकरणातला एक धागा मी मुद्दाम मागे ठेवला. सिएटलला जाऊन भिडलेल्या मॅकमिलनचीच एक शाखा आहे टॉर, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा काढणारी. खटला भरला गेला त्याच एप्रिलमध्ये, २०१२ साली, टॉरने जाहीर केलं की आपल्या सगळ्या ई-पुस्तकांचं कुलूप आपण काढून टाकतोय. वाचकांनी ती कुठल्याही यंत्रावर न्यावीत. ॲमेझॉनकडची किल्ली निकामी करण्याचा हा एकच उपाय प्रकाशकांच्या हातात सुरुवातीपासून होता, आणि त्यासाठी कुणाशी जेवायला बसायची गरज नव्हती. वर्षभराने टॉरच्या ब्रिटनमधल्या संपादकांनी कळवलं की चोरी वाढल्याचं काही दिसून आलं नाही. बाकीच्या मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं अजून कुलपातच विकली जातात.